आधी पाणी, मग मांडव

श्रावण लागला की अल मजाजमधल्या मराठी घरांत दोन विषय निघतात. पहिला, गणपतीला गावी जायचे की नाही. तोवर विमानाची तिकिटे महागलेली असतात. दुसरा, गावच्या मंडळाकडून आलेला वर्गणीचा निरोप. यंदा कमान मोठी करायची आहे, रोषणाईवाला बदलला आहे, अहवालात तुमचे नाव पहिल्या पानावर घालू, असा त्याचा साधारण मजकूर असतो. आपण आनंदाने रक्कम पाठवतो. आपण तिथे नाही, निदान आपले पैसे तरी उत्सवात आहेत, एवढे समाधान त्यात असते. त्या रकमेचे पुढे काय झाले हे मात्र आपण विचारत नाही. विचारणे बरे दिसत नाही, असे आपल्याला वाटते.

माझे म्हणणे असे की ते विचारावे, आणि आरोग्याच्या काळजीपोटी विचारावे. रस्त्यावरच्या मोठ्या उत्सवात कोण आजारी पडेल, कोण चेंगरेल आणि कोण सुखरूप घरी येईल, हे पुष्कळसे आधीच्या महिन्यात खजिनदाराच्या वहीत ठरलेले असते. ज्या वहीत कमान, डीजे आणि फटाके आधी येतात आणि पाणी, सावली, डॉक्टर, शौचालये यांच्या वाट्याला शिल्लक येते, त्या वहीतला उत्सव धोक्याचा असतो. खर्चाचा क्रम उलटा केला तर तेवढ्याच पैशात तोच उत्सव सुरक्षित होतो. हा लेख त्या क्रमाविषयी आहे.

तिथी हलत नाही, वेळ हलते

आपल्या दाराशीच असलेले उदाहरण घेऊ. खालिद लगूनच्या काठावर, अल मजाज वॉटरफ्रंटवर, वर्षातले मोठे खुले कार्यक्रम कधी होतात ते पाहा. नववर्षाची आतषबाजी डिसेंबरअखेरीस, शारजाचा प्रकाशोत्सव फेब्रुवारीच्या सुमारास, आणि दोन्ही सूर्य मावळल्यावर. ऑगस्टच्या दुपारी कोणी तिथे हजारो माणसे बोलावत नाही. या देशात १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात मजुरांकडून काम करवून घ्यायला कायद्याने मनाई आहे. हवामान आधी, कार्यक्रम नंतर, हा इथला साधा हिशेब आहे.

आपली अडचण अशी की आपले सण पंचांगाप्रमाणे येतात. गुढीपाडवा मार्च-एप्रिलमध्येच येणार आणि अनंत चतुर्दशी भाद्रपदातच येणार. तिथी हलवता येत नाही हे खरे. पण वेळ हलवता येते. डोंबिवलीकरांनी हे करून दाखवले. श्री गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ च्या गुढीपाडव्याला तिथे नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली, आणि पुढे ठाणे, गिरगाव अशी गावोगावी तिची प्रथा पडली. चित्ररथ, लेझीम, ढोल, नऊवारीतल्या बायका, सगळे काही असते. पण यात्रा सकाळी लवकर निघते आणि ऊन तापायच्या सुमारास माणसे घरी श्रीखंड-पुरीच्या पानावर असतात. हा निर्णय फुकटातला आहे. त्याला ना तंबू लागतो, ना टँकर.

याच्या उलट उदाहरण नवी मुंबईतल्या खारघरचे. १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा समारंभ तिथे मोकळ्या मैदानावर झाला. लाखो माणसे आली होती. कित्येक जण आदल्या रात्रीपासून येऊन बसले होते. कार्यक्रम दुपारपर्यंत चालला. व्यासपीठावर छत होते, समोर बसलेल्या लोकांवर नव्हते. उष्माघाताने चौदा माणसे गेली. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर तापमान ३८ अंशांच्या आसपास नोंदले गेले होते. हा आकडा आपल्यापैकी अनेकांना किरकोळ वाटेल, कारण शारजात ३८ म्हणजे मे महिन्यातली सकाळ. पण आपण ३८ अंशांत राहतो म्हणजे घरातून गाडीत आणि गाडीतून कचेरीत जातो. खारघरच्या माणसांनी ते ऊन तासन् तास डोक्यावर घेतले, दमट हवेत, दाटीवाटीत, आणि त्यातल्या अनेकांच्या पोटात कित्येक तास काही गेलेले नव्हते.

यातून आपल्यासाठी एक स्वतंत्र धडा निघतो. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. आखातात राहतो म्हणून आपल्याला ती सवय आहे, हा गैरसमज आहे. वर्षभर वातानुकूलित खोलीत बसणारा माणूस शुक्रवारी मुंबईत उतरून शनिवारी आठ तास मिरवणुकीत उभा राहिला, तर त्याची स्थिती तिथल्या भाजीवाल्यापेक्षा नाजूक असते.

पाण्याचा हिशेब

उन्हात उभ्या असलेल्या माणसाला तासाला अर्धा लिटर पाणी धरावे. दहा हजार माणसे, चार तास: वीस हजार लिटर. म्हणजे दहा हजारी दोन टँकर. एखाद्या चौकातल्या रोषणाईच्या बिलाशेजारी टँकरचे बिल ठेवून पाहा. पाणी किती स्वस्त आहे ते लगेच दिसेल. पण टँकर आणून एका कोपऱ्यात उभा करणे म्हणजे पाण्याची सोय नव्हे. दहा हजार माणसे एका नळाकडे वळली तर तिथेच रेटारेटी होईल. मिरवणुकीच्या वाटेवर, दोन्ही अंगांना, थोड्या थोड्या अंतरावर माठ किंवा पिंपे हवीत, आणि ती भरत राहणारी माणसे हवीत.

पाण्याबरोबर शौचालये हवीतच, आणि ती बायकांसाठी जास्त हवीत. याचे कारण आपल्या घरातल्या कुठल्याही बाईला विचारा. मिरवणुकीला जायचे म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नाही, कारण वाटेत जायला जागा नाही हे तिला ठाऊक असते. मग दुपारी घेरी येते आणि सगळे म्हणतात, उपासामुळे झाले असेल. म्हणजे फिरत्या शौचालयावर वाचवलेला पैसा प्रथमोपचार केंद्रावर खर्च होतो. पंढरीच्या वारीत २०१५ पासून 'निर्मल वारी'च्या नावाने मुक्कामांवर फिरती शौचालये उभी राहू लागली, ती यासाठीच महत्त्वाची आहेत.

वाटेचे गणित

चेंगराचेंगरीत माणसे पायाखाली तुडवली जाऊन मरतात, असा सर्वसाधारण समज आहे. बहुतेक मृत्यू तसे होत नाहीत. गर्दी इतकी आवळते की उभ्या माणसाची छाती फुलू शकत नाही आणि त्याचा श्वास कोंडतो. एका चौरस मीटरमध्ये चार माणसे असतील तोवर प्रत्येकाला आपल्या पायाने चालता येते. पाच-सहा झाली की ताबा सुटू लागतो. सातच्या पुढे गर्दी पाण्यासारखी वागते. लाट येते आणि ती नेईल तिकडे माणूस जातो. अशा वेळी ओरडून, शिट्ट्या वाजवून उपयोग नसतो. जे करायचे ते त्याआधी करायला हवे.

आता साधा भागाकार करू. ब्रिटनमधल्या क्रीडांगणांच्या सुरक्षा-नियमावलीत एक आकडा वापरतात: सपाट वाटेच्या दर मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसे बाहेर पडू शकतात, जिन्यावर ६६. चार मीटर रुंदीच्या गल्लीतून मिनिटाला ३२८ माणसे जातील आणि दहा हजार माणसे साधारण अर्ध्या तासात मोकळी होतील. आता त्याच गल्लीच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटरचे खेळण्यांचे आणि भेळेचे ठेले लावा. रुंदी दोन मीटर उरली, वेळ एक तास झाला. ठेल्यांचे भाडे मंडळाच्या जमेच्या बाजूला दिसते. गेलेली दोन मीटर रुंदी खर्चाच्या बाजूला कुठेच दिसत नाही. आणि हा आकडा शिस्तीत चालणाऱ्या धडधाकट माणसांचा आहे. आपल्याकडे कडेवर मूल, हातात आजी आणि मध्येच आडवी लावलेली मोटारसायकल असते.

असे न लिहिलेले खर्च महाराष्ट्राने फार मोठ्या किमतीला चुकवले आहेत. वाईजवळ मांढरदेवीच्या काळुबाईच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी जवळजवळ तीनशे भाविक गेले. अरुंद चढाची वाट, दुतर्फा दुकाने, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, आणि त्यावर दुकानांना लागलेली आग. त्याआधी २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभमेळ्यात अरुंद उताराच्या वाटेवर ३९ माणसे गेली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मुंबईत एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर २३ जण गेले. तिथे उत्सव नव्हता. पाऊस आला म्हणून माणसे जिन्यावर थांबली, मागून गाड्यांची माणसे येत राहिली, आणि बाहेर पडायची वाट हीच आडोशाची जागा झाली.

म्हणून उत्सवाची आखणी शेवटाकडून सुरू करावी. शेवटचा माणूस कुठून, किती वेळात घरी जाणार, हे आधी कागदावर काढावे. मग मिरवणुकीचा मार्ग, मग व्यासपीठाची जागा आणि सर्वांत शेवटी कमान. आमच्या संगणकाच्या धंद्यात नवी प्रणाली बांधताना, ती बंद पडली तर काय, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारतात. मंडळाच्या पहिल्या बैठकीत मूर्तीची उंची ठरते. तिच्याबरोबर रुग्णवाहिका कुठल्या गल्लीतून आत येणार आणि ती गल्ली रिकामी ठेवायला कोण उभा राहणार, हेही ठरले पाहिजे.

पुढची बातमी मागे पोचते का?

गर्दीत मागच्या माणसाला पुढचे दिसत नाही. पुढे वाट अडली आहे हे त्याला कळत नाही, म्हणून तो चालत राहतो. त्यात त्याचा दोष नसतो. दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलच्या इटेवॉन भागात, २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री एका तीन-साडेतीन मीटर रुंदीच्या उताराच्या गल्लीत १५९ तरुण-तरुणींचा बळी गेला. गर्दी धोकादायक होत आहे, असे सांगणारा पहिला दूरध्वनी पोलिसांना जवळजवळ चार तास आधी आला होता. त्यानंतरही आले. देश श्रीमंत, पोलीस सुसज्ज, प्रत्येकाच्या हातात फोन. पण आलेल्या बातमीवर निर्णय घेणारा माणूस नेमलेला नव्हता, कारण त्या उत्सवाला एकच असा कोणी आयोजकही नव्हता.

याच्या शेजारी आपली वारी ठेवून पाहावी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानोबामाउलींच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली. आळंदी ते पंढरपूर लाखो माणसे चालतात, पण ती एक मोठी गर्दी म्हणून चालत नाहीत, दिंड्यांत चालतात. रथापुढे किती आणि रथामागे किती, प्रत्येक दिंडीला क्रमांक. प्रत्येक दिंडीचा आपला ट्रक, आपले तंबू, आपला स्वयंपाक. माणसे पोचायच्या आत राहुट्या उभ्या असतात. वारकरी आपल्या दिंडीकडे ठरलेली भिशी भरतो आणि त्यातून त्याच्या जेवणाखाणाची सोय होते. म्हणजे पोटाची आणि निवाऱ्याची तजवीज आधी, टाळ-मृदंग त्यानंतर.

आणि मुक्कामावरची समाज आरती तर पाहण्यासारखी. चोपदार दंड उंच करतो आणि तो अफाट समुदाय क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची तक्रार असते ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातो, तक्रार ऐकली जाते. हरवले-सापडलेले पुकारले जाते. दुसऱ्या दिवशीची वेळ सांगितली जाते. दिवसभरात काय चुकले हे त्याच संध्याकाळी ऐकणारी अशी व्यवस्था आजच्या किती मंडळांकडे आहे? विसर्जन आटोपले की कार्यकर्ते झोपतात आणि पुढच्या वर्षी त्याच वळणावर तोच खोळंबा होतो. पुण्यात लक्ष्मी, टिळक, केळकर आणि कुमठेकर या चारही रस्त्यांच्या मिरवणुका शेवटी एकाच टिळक चौकात येतात. अलीकडच्या वर्षांत ही मिरवणूक तीस तासांच्या आसपास चालते. तिच्या लांबण्याचा आपल्याला अभिमान वाटतो. त्या तीस तासांत पोलीस, सफाई कामगार, ढोल वाजवणारी पोरे आणि वाटेतल्या घरांमधले आजारी यांचे काय होते, याची नोंद कोणी ठेवत नाही.

नवी साधनेही मदतीला आहेत. नाशिकच्या एका शाळकरी मुलाने २०१५ च्या कुंभमेळ्यासाठी पावले मोजणारी चटई तयार केली. तिच्यावरून किती माणसे गेली ते लगेच कळत असे आणि त्यावरून गर्दी वळवता येत असे. २०२६-२७ च्या सिंहस्थात अशी साधने आणखी येतील. पण चटई आकडा सांगते. 'आता वाट बंद करा' हे सांगायचा अधिकार एका नावाच्या माणसाकडे असावा लागतो, आणि त्याने तसे सांगितले तर अध्यक्षांनीही ऐकावे लागते.

कान आणि डोळे

याविषयी थोडक्यात. ८५ डेसिबल आवाजात आठ तास काढले तरी बहुतेकांच्या कानाला इजा होत नाही असे धरतात. आवाज तीन डेसिबलने वाढला की तो वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे मिळतात, आणि ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे आवाज शंभरच्या वर सहज जातो. तान्ही मुले तिथे न्यायचीच नाहीत. मोठ्यांनी कानात बोळे घालावेत. त्यात लाजण्यासारखे काही नाही. २०२३ च्या मिरवणुकांनंतर लेसरच्या झोतांनी डोळ्याच्या पडद्याला इजा झालेले रुग्ण महाराष्ट्रात आढळले आणि २०२४ मध्ये पुण्यात पोलिसांनी असे झोत वापरण्यास बंदी घातली. आपल्या वर्गणीतून हे दोन खर्च होणार असतील, तर ती वर्गणी कोणाचे कान आणि कोणाचे डोळे विकत घेते, याचा विचार करावा.

विमा: दागिन्यांचा की माणसांचा?

मुंबईत किंग्ज सर्कलच्या जी.एस.बी. सेवा मंडळाच्या गणपतीचा विमा दर वर्षी वर्तमानपत्रांत गाजतो. २०२५ साली तो ४७४ कोटी रुपयांहून अधिक होता. लोक समजतात, मूर्तीवर एवढे सोने आहे म्हणून एवढा विमा. प्रत्यक्षात त्यातले सुमारे ३७५ कोटी रुपये स्वयंसेवक, पुजारी, आचारी आणि इतर काम करणाऱ्यांच्या व्यक्तिगत अपघात विम्याचे होते. दागिन्यांचा भाग त्या मानाने लहान. छोट्या मंडळाला एवढे जमणार नाही, पण क्रम उचलता येईल. खांबावर चढून दिव्यांच्या माळा लावणारा पोरगा आणि ट्रॅक्टरपुढे दोरखंड धरून चालणारे कार्यकर्ते यांचा अपघात विमा आधी. तो पोरगा पडला, तर त्याच्या आईला मंडळाने सांत्वनाखेरीज काय द्यायचे, हा प्रश्न आधी सुटलेला बरा.

पैसे पाठवताना

आता आपल्या बाजूचा जमाखर्च. आपण ज्या देशात राहतो तिथे २०२१ चा केंद्रीय कायदा क्रमांक ३ देणग्यांविषयी आहे. ज्यांना परवाना आहे अशाच संस्थांना देणगी गोळा करता येते. फोनवरच्या गटात "गावच्या गणपतीसाठी प्रत्येकी शंभर दिरहम माझ्याकडे द्या" असे लिहिणे निरुपद्रवी वाटते, पण कायद्याच्या दृष्टीने ते गोळा करणेच आहे. तसे करू नये.

भारताच्या बाजूने पाहिले तरी हीच सूचना योग्य ठरते. भारतीय नागरिक असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून, बँकेच्या नेहमीच्या मार्गाने दिलेली रक्कम २०१० च्या विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली विदेशी अंशदान धरली जात नाही. पण अमेरिकेचे किंवा ब्रिटनचे नागरिकत्व घेतलेला आपला चुलतभाऊ, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी, परदेशी देणगीदार ठरतो आणि त्या कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी नसलेल्या मंडळाला त्याचे पैसे घेता येत नाहीत. दहा जणांचे पैसे एकाच्या खात्यातून गेले तर कोणाचे किती आणि कोण कुठला नागरिक, हे सिद्ध करणे मंडळाला जड जाईल. म्हणून प्रत्येकाने आपापले, आपल्या खात्यातून, मंडळाच्या खात्यात पाठवावे आणि पावती घ्यावी. मंडळ नोंदलेला न्यास नसेल तर वर्गणीसाठी १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते; तिची प्रत मागायला संकोच नसावा. चांगले मंडळ ती अभिमानाने दाखवते.

रकमेबरोबर पाच प्रश्न पाठवावेत. पाण्याची सोय किती माणसांसाठी आणि किती तासांसाठी? बायकांसाठी शौचालये किती? रुग्णवाहिकेची वाट कोणती आणि ती मोकळी ठेवायची जबाबदारी कोणाची? कार्यकर्त्यांचा अपघात विमा उतरवला का? गर्दी वाढली तर कार्यक्रम थांबवायचा अधिकार कोणाला? उत्तरे आली तर रक्कम वाढवावी. नाही आली तर निदान एवढे लिहावे की माझी वर्गणी पाण्यासाठी आणि प्रथमोपचारासाठीच आहे.

यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. "दिरहम कमावता म्हणून आम्हाला शिकवता का? बारा महिने इथे आम्ही असतो. खड्डे आम्ही बुजवतो, रात्री आम्ही जागतो." हा आक्षेप खोटा नाही. दूर बसून प्रश्न विचारणे सोपे असते, आणि मांडवात झोपणाऱ्या कार्यकर्त्याला ते टोचते. म्हणून प्रश्न हुकूम वाटणार नाहीत असे विचारावेत, आणि प्रश्नाबरोबर पैसेही असावेत. कमानीला देणगीदार सहज मिळतो, कारण कमानीवर नाव येते. शौचालयावर कोणी नाव मागत नाही. ज्या खर्चावर नाव नाही, तो खर्च आपण दूरच्या लोकांनी उचलावा. आपण तिथे नसल्याने आपल्याला नावाची गरजही कमी. एका मंडळाला टँकर आणि डॉक्टर परवडत नसेल तर एका चौकातल्या चार-पाच मंडळांनी मिळून एकच सोय करावी, हे सुचवण्यातही काही वावगे नाही. राहिला "देव बघून घेईल" हा आक्षेप. मांढरदेवीला गेलेले सारे भाविकच होते, याहून अधिक उत्तर त्याला नको.

आपल्या घरापुरते

जे यंदा गावी जाणार आहेत त्यांनी एवढे करावे. मिरवणुकीच्या दिवशी पोटभर खाऊन निघावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते आणि उन्हात त्रास होतो. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मुलाच्या खिशात नाव आणि फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवावी; चुकामूक झाली तर कोणत्या दुकानापाशी भेटायचे ते आधी ठरवावे. गर्दीत शिरताना बाहेर पडायच्या दोन वाटा पाहून ठेवाव्यात. खांद्याला खांदे लागू लागले की तिथूनच मागे फिरावे. दर्शन उद्याही होते. अडकलोच तर हात छातीपुढे दुमडून श्वासाला जागा ठेवावी, लाटेच्या विरुद्ध न रेटता तिरके तिरके कडेला सरकावे, आणि पडलेली चप्पल उचलायला वाकू नये.

उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागले, अंग तापले, तोल जाऊ लागला तर तो उष्माघात समजावा. सावलीत आणावे, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच १०८ ला फोन करावा. इथे असाल तर ९९८ ला. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

जे इथेच राहणार आहेत त्यांनाही हेच लागू आहे. आपले गणपती आणि पाडवे इथे परवानगीने आणि बंद सभागृहांत होतात, पण प्रसादाच्या रांगेत दार एकच उघडे असते आणि पादत्राणांचा ढीग त्याच दारात असतो. नववर्षाच्या रात्री लगूनच्या काठाला काही मिनिटांच्या आतषबाजीसाठी आपण तासभर आधी जातो आणि संपल्या क्षणी सगळे एकदम उठतो. अर्धा तास तिथेच बसून डबा खाल्ला तर मुलांचेही हाल वाचतात आणि गाड्यांची कोंडीही थोडी कमी होते.

यंदाच्या वर्गणीचा निरोप आला की पैसे पाठवाच. फक्त ती रक्कम आधी पाण्यावर खर्च व्हावी, असे सोबत लिहा.